गळ्यातलं सोनं

आमच्या इचलकरंजीत कुठल्याही नव्या गोष्टीचं कौतुक चार दिवस टिकतं. पाचव्या दिवशी तिला टोपणनाव ठेवून गाव आपल्या कामाला लागतं. बोरॉनवर चालणारी अणुसंमीलन भट्टी आली तेव्हा वेगळं काही झालं नाही. दिल्लीहून साहेब आले, फीत कापली, भाषणं झाली, आणि आठवडाभरात ती जिथे बसवली त्या शिवगंगा प्रोसेस या कापड कारखान्यातल्या बायका त्या भट्टीला ‘शेगडी’ म्हणायला लागल्या. कापड धुवायला, रंगवायला, वाळवायला वाफ लागते. ती पूर्वी कोळशाचा बॉयलर द्यायचा, आता शेगडी देत होती. धुराडं थंड पडलं आणि आजूबाजूच्या गच्च्यांवर वाळत घातलेली धोतरं काळी व्हायची थांबली, एवढ्यावर गाव खूश होतं.

शेगडीच्या सुरक्षेची जबाबदारी तेजस्विनी मगदूमकडे होती. तेजू याच गावची, पुण्यात अणुविज्ञान शिकून परत आलेली. तिचा मोठा भाऊ राजेंद्र शिवगंगातच मॅनेजर, आणि वहिनी जयमाला तिथल्याच चेकिंग खात्यात. तयार कापड टेबलावर पसरून त्यातल्या गाठी, डाग, सुटलेले धागे शोधायचे हे चेकिंगचं काम. आई गेली तेव्हा तेजू शाळेत होती. नव्यानं माप ओलांडून आलेल्या जयमालानं नणंदेच्या वेण्या घालण्यापासून पुण्याच्या वसतिगृहात नेऊन सोडण्यापर्यंत सगळं केलं. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं नातं असतं म्हणतात, पण या घरात दोघी एका बाजूला आणि राजेंद्र एकटा दुसऱ्या बाजूला, असा प्रकार होता.

तेजूला शेगडी समजावून सांगायची भारी हौस. कुणीही सापडलं की ती सुरू व्हायची. बोरॉनच्या केंद्रकात पाच प्रोटॉन आणि सहा न्यूट्रॉन असतात. त्यात बाहेरून एक प्रोटॉन जोरात घुसवला की सगळं मोडतं आणि त्याची हेलियमची तीन केंद्रकं होतात. कण मोजले तर आधीही बारा आणि नंतरही बारा. वजन केलं तर मात्र नंतरचं जरासं कमी भरतं.

“मग मधलं खाल्लं कुणी?” असं चेकिंगच्या बायकांनी एकदा विचारलं होतं. तेजू म्हणाली, त्याचीच वाफ झाली. केंद्रकातले कण एकमेकांना धरून असतात. ती पकड सोडवायची तर जितकी ऊर्जा ओतावी लागेल, तिला बंधन ऊर्जा म्हणायचं. हेलियमची पकड फार घट्ट असते. सैल पकडीतून घट्ट पकडीत जाताना कण ऊर्जा बाहेर टाकतात, आणि त्या ऊर्जेबरोबर तेवढं वस्तुमानही जातं. तूट रतीभर, पण तिच्यावर अख्खी प्रोसेस चालते. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे, तेजू दर वेळी शेवटी सांगायची, हिच्यात न्यूट्रॉन सुटत नाहीत. प्रोटॉनला विद्युतभार असतो, त्याला अडवता येतं. न्यूट्रॉनला भारच नसतो, तो भिंतीतून, माणसातून सरळ निघून जातो. शेगडीत ती भानगड नसल्यात जमा.

‘नसल्यात जमा’ म्हणजे नसणं नव्हे, हे तेजूला पाठ होतं. हेलियमचं एखादं केंद्रक बाहेर पडता पडता दुसऱ्या बोरॉनवर आदळलं, तर दोघांचा मिळून नायट्रोजन होतो आणि एक न्यूट्रॉन मोकळा सुटतो. असं क्वचित होतं, पण होतं. म्हणूनच शेगडीभोवती पाण्याची जाड टाकी होती. पाण्यातल्या हायड्रोजनवर आपटून न्यूट्रॉन मंदावतात आणि तिथेच जिरतात. टाकीच्या पलीकडे एक विटांची भिंत, आणि भिंतीला लागून चेकिंग खातं.

आमच्या गावाला नदी जवळ आणि पाणी लांब. त्या जानेवारीत पाण्याची मोठी वाहिनी फुटली, टँकर येईनात, आणि शिवगंगात परदेशी ऑर्डरचं कापड रंगाच्या हौदात अर्धवट पडून राहिलं. शेगडीच्या टाकीत मात्र भरपूर पाणी होतं, तेही शुद्ध केलेलं, रंगाला फारच छान. राजेंद्र तेजूच्या केबिनमध्ये आला आणि खुर्ची ओढून बसला.

“तूच सांगतीस न्हवं सगळ्यांना, न्यूट्रॉन नसल्यात जमा म्हणून? मग त्या पाण्याची राखण कशाला करतीस?”

तेजूनं आधी नाही म्हटलं. राजेंद्रनं हुज्जत घातली नाही, नुसता बसून राहिला, तसा तो लहानपणापासून बसायचा. मग तेजूनं एक तोडगा काढला. पाणी एकदम नको, थोडं थोडं काढू, आणि मी आकड्यावर नजर ठेवते. टाकीच्या आत न्यूट्रॉन मोजणारी एक नळी बसवलेली होती. आकडा वाढला की पाणी काढणं बंद.

पाणी उतरत गेलं आणि आकडा वाढला नाही. उलट खाली आला. तेजूला बरं वाटलं. आपण सांगत होतो ते खरंच होतं, असं तिला वाटलं. टाकी रिकामी झाली, ऑर्डरसाठी शेगडी नेहमीपेक्षा जास्त तापवली गेली, आणि आठवडाभर चालली. मग वाहिनी दुरुस्त झाली, टाकी पुन्हा भरली, कापड बोटीवर चढलं. राजेंद्रनं पेढे वाटले. त्यातला एक तेजूनंही खाल्ला.

दोन दिवसांनी दुपारी वहिनी रोजच्यासारखी तेजूचा डबा घेऊन केबिनमध्ये आली. टेबलावर गॅमा किरण मोजायचं यंत्र चालू होतं, कारण फरशीच्या धुळीचे नमुने तपासायचे होते. वहिनी डबा ठेवायला वाकली आणि यंत्र टकटकायला लागलं. ती सरळ झाली, टकटक मंदावली. तेजूनं डबा यंत्राजवळ नेऊन पाहिला. काही नाही. मग पदर सारखा करायचा बहाणा करून यंत्र वहिनीच्या गळ्यापाशी नेलं, आणि ते वेड्यासारखं वाजलं.

“काय झालं गं?” वहिनीनं विचारलं.

“यंत्राला थंडी बाधलीय,” तेजू म्हणाली. वहिनी हसून निघून गेली.

यंत्रानं किरणांची ऊर्जाही टिपून ठेवली होती. आलेखावर एकच उंच टोक होतं, आणि अणुविज्ञान शिकलेल्या कुणालाही ते चेहऱ्यासारखं ओळखता आलं असतं. सोनं. सोन्याच्या केंद्रकात एकोणऐंशी प्रोटॉन आणि एकशे अठरा न्यूट्रॉन असतात. बाहेरचा एक मंद न्यूट्रॉन त्यात शिरला की ते अस्वस्थ होतं. मग आतला एक न्यूट्रॉन स्वतःच प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो, पाठोपाठ गॅमा किरण सोडतो, आणि ऐंशी प्रोटॉनचं ते केंद्रक सोन्याचं उरत नाही, पाऱ्याचं होतं. वहिनीच्या मंगळसूत्रातल्या वाट्यांमध्ये हेच चाललं होतं. किती अणूंचं? वजनाला लागणारही नाही इतक्यांचं. पण ते न्यूट्रॉन वहिनीच्या अंगातून गेल्याशिवाय झालं नसतं.

तेजू खुर्चीवर बसून राहिली. आता तिला आकडा का उतरला ते कळलं, आणि कळल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. ती नळी फक्त मंद न्यूट्रॉन ओळखते. पाणी होतं तोवर न्यूट्रॉन मंदावत होते आणि नळीला दिसत होते. पाणी गेलं तसे ते वेगानं, नळीला न दिसता, भिंतीतून पार झाले. पहिल्या वर्षाच्या परीक्षेतला प्रश्न. पलीकडे टेबलांशी बायका बसल्या होत्या. माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच. टाकीनं करायचं काम त्यांच्या अंगांनी केलं. तिथे मंदावलेले न्यूट्रॉन त्यांच्या गळ्यातल्या सोन्यानं टिपले.

शेगडीच्या खोलीतल्या पुरुषांना छातीवर लावायला किरण मोजणारे बिल्ले होते, पण त्या आठवड्यात तिथं यंत्रच सगळं करत होतं, आत कुणी गेलंच नव्हतं. चेकिंगच्या बायकांना बिल्ले नव्हते. त्या भिंतीच्या बाहेर बसतात, त्यांना कशाला, असं तेजूनंच ठरवलं होतं.

तिनं राजेंद्रला गाठून सगळं सांगितलं. तो आधी पांढरा पडला, मग त्यानं मुद्देसूद प्रश्न विचारले. आज कुणाला काही होणार आहे का? नाही. पुढे? पुढे कधीतरी, वीस-पंचवीस वर्षांनी, कॅन्सर होण्याची शक्यता थोडी वाढली असेल. किती वाढली ते प्रत्येकीच्या अंगाला किती मात्रा लागली त्यावर. ज्यांना माहीत असेल त्या वेळेवर तपासण्या करून घेऊ शकतील. आणि आपण नियामक मंडळाला कळवलं तर? शेगडी बंद, चौकशी, तेजूचा परवाना जाणार, पाणी काढणाऱ्यावर खटला. सोनं असं किती दिवस बोलत राहील? पावणेतीन दिवसांत निम्मं, पुढच्या पावणेतीन दिवसांत त्याच्या निम्मं. दोन-तीन आठवड्यांत काही उरणार नाही.

राजेंद्रनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, “सोनं आपणहून विसरायला लागलंय, तर तू कशाला ध्यानात ठेवतीस?”

तेजू केबिनमध्ये परत आली. दुसऱ्या दिवशी तिनं कळवलं नाही. आधी किती जणींना किती लागलंय ते तर कळू दे, असं तिनं स्वतःला सांगितलं. माणसाला गप्प बसायचं असलं की त्याला सखोल अभ्यासाची फार गरज वाटते. रोज सकाळी डोळे उघडले की तिच्या मनात पहिला विचार यायचा तो हा, की आज सोनं आणखी थोडं गप्प झालं असेल. त्या विचारानं तिला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं म्हणून ती चहा पिताना वहिनीकडे बघायची नाही.

मंगळसूत्र काढून दे, असं कुणाला सांगणार? यंत्रापाशी लोंबतं काही घालू नये असा कारखान्याचा नियम होता, फलक लावलेला होता, आणि आमच्या बायका मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सरकवून तो नियम पाळत होत्या. पण संक्रांत नुकतीच झाली होती आणि रथसप्तमी यायची होती. वहिनी दर वर्षी याच दिवसांत चेकिंगच्या बायकांना हळदीकुंकवाला घरी बोलवायची. या वर्षी हळदीकुंकू मी लावते, असं तेजू म्हणाली. वहिनीला नवल वाटलं, कारण एरवी असल्या दिवशी तेजू केबिनमध्ये लपायची.

रविवारी बायका नटून आल्या. तेजूनं हिरवं नऊवारी नेसून मनगटात जरीचा बटवा अडकवला होता. बटव्यात छोटं मोजणीयंत्र होतं, आवाज बंद केलेलं, पण आकडे टिपून ठेवणारं. प्रत्येकीला हळदीकुंकू लावायचं, वाकून पाया पडायचं, उठताना बटवा तिच्या गळ्याजवळून न्यायचा, मग तिळगूळ आणि वाण द्यायचं. वाणाला चहाची गाळणी होती. कपाटातून काढून आज घातलेल्या पाटल्या आणि ठुशी मुक्या होत्या. रोजची मंगळसूत्रं तेवढी बोलत होती. एकीनं तेजूच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, शिकून बी किती नम्र ऱ्हायलीयास. तेजूला त्या हाताखालून पळून जावंसं वाटलं. ती पळाली नाही, पुढच्या बाईला वाकली.

संध्याकाळी तिनं हिशोब केला. सगळ्यांत जास्त वहिनीला लागलं होतं. तिचं टेबल भिंतीपासून दुसरं.

सोमवारी सकाळी वहिनी गॅसपाशी भाकरी थापत होती आणि बायका तेजूबद्दल काय काय चांगलं बोलल्या ते सांगत होती. दारात घातलेल्या रांगोळीपासून गाळणीपर्यंत सगळ्याचं कौतुक झालं होतं, पण सगळ्यांत जास्त पाया पडण्याचं. “माझं नाव काढलंस,” वहिनी म्हणाली.

आणि तेजूला ते सहन झालं नाही. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि पाण्यापासून बटव्यापर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. रडू येत होतं, पण रडलं तर वहिनी आधी डोळे पुसायला येईल, म्हणून तिनं ते दाबून धरलं.

वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटली. “मला काय हुणार?”

“बहुतेक काहीच नाही. पण दर वर्षी तपासण्या करायला लागतील. जन्मभर.”

“तुला कवा कळलं?”

“पंधरवडा होत आला.”

“आणि ह्यास्नी?”

“त्याच दिवशी.”

वहिनीनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले. ती चिडेल, मारेल, असं काहीतरी तेजूला हवं होतं. वहिनीनं विचारलं, “वनिताला किती लागलंय?”

तेजूला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला.

वनिता चौगुले. चेकिंगमधली, तेजूपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी. तिचा नवरा गेल्या वर्षी गेला होता. तिची कंबर धरायची, म्हणून ती भिंतीला अगदी चिकटून बसायची. शेगडीमुळे भिंत कोमट असे आणि तिच्या पाठीला शेक मिळे. हळदीकुंकवाला तिला बोलावणं गेलं नव्हतं. ती आली नाही हे तेजूच्या लक्षातही आलं नव्हतं. मोजायला गळे हवे होते आणि तेजूनं सवाष्णींचे गळे मोजले.

“बोलावलं न्हाई ते माझं पाप,” वहिनी म्हणाली. “रीत म्हणून मी गप बसलो. पण तू? तू रीत मानतच न्हाईस. तुला ती भिंत ठावं हुती.”

तेजूनं फोन उचलला आणि स्वयंपाकघरातूनच नियामक मंडळाला कळवलं. स्वतःचं नाव, हुद्दा, टाकी कुणाच्या परवानगीनं रिकामी झाली, सगळं. राजेंद्र अंघोळ करून बाहेर आला तेव्हा ती शेवटचं वाक्य बोलत होती. त्यानं बायकोकडे पाहिलं. बायको त्याच्याकडे बघत नव्हती. तो ओल्या केसांनीच खुर्चीवर बसला. या खेपेला त्याच्या बसून राहण्याचा उपयोग झाला नाही.

वनिता गावभागात एका खोलीत राहायची. दोघी गेल्या तेव्हा ती सासूला औषध देत होती. पाट मांडला, चहाचं विचारलं. तेजूनं चहा नको म्हटलं आणि पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं झालं नव्हतं. ऐकता ऐकता वनितानं औषधाची बाटली बंद करून फळीवर ठेवली.

मग तेजूनं विचारलं, त्या आठवड्यात कामावर येताना अंगावर सोनं काही होतं का? कानातलं, एखादा मणी? वनितानं नाही म्हणून मान हलवली. सगळं ट्रंकेत ठेवलं होतं, सासूनं सांगितलं तसं. कानात प्लॅस्टिकच्या काड्या होत्या.

वहिनीनं तेजूकडे पाहिलं. तेजूला एक उपाय माहीत होता, आणि वाटेत चालताना तो ओठांवर येऊ नये म्हणून ती झगडत आली होती. केसांत गंधक असतं. वेगवान न्यूट्रॉन गंधकाच्या केंद्रकावर आदळला की तो आत शिरतो आणि एका प्रोटॉनला बाहेर काढतो. एक प्रोटॉन कमी झाला की गंधक गंधक राहत नाही, त्याचा फॉस्फरस होतो. तो सोन्याइतक्या लवकर विसरत नाही, दोन आठवड्यांनी निम्मा तरी शिल्लक असतो. पण तो इतका थोडा असतो की चिमूटभर केसांत सापडत नाही. सगळी वेणी लागते.

तिनं ते सांगितलं. सांगताना तिची नजर जमिनीवर होती. विधवेकडे तिचे केस मागायला आपण तिच्या दारात आलोय, याचा अर्थ आमच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कोपऱ्यात सासूनं तोंडावर पदर घेतला.

वनितानं सासूकडे एकदा पाहिलं. मग तिनं अंबाडा सोडला. केस दाट होते, कमरेच्याही खाली जाणारे. तिनं त्यांची वेणी घातली, सावकाश, शेवटपर्यंत. चेकिंगची कात्री फळीवर होती, ती तेजूच्या हातात दिली आणि तिच्याकडे पाठ करून बसली.

“तो गेला तवा घरच्यांनी कुकू पुसलं, काकणं फोडली. केसाला तेवढा मी कुणाला हात लावू दिला न्हवता.” तिनं मानेवरचा पदर बाजूला केला. “त्या भिंतीला पाठ लावून बसत हुतो तवा, पलीकडनं काय येतंय ते तुला ठावं हुतं?”

“नाही,” तेजू म्हणाली. “पण ठाऊक करून घ्यायचं कामच माझं होतं.”

वनितानं मान खाली घातली, वेणी मागे टाकली.

“मानंजवळनं काप,” ती म्हणाली. “कमी पडायला नको. माझा बी आकडा बरोबर यायला पायजे.”

वहिनीनं पुढे होऊन वेणी धरली, आणि तेजूनं कात्री लावली.